सोबतीचा तारा

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! सकाळी जालन्याहून निघाले, भोकरदनला गाडी बदलली आणि धावड्याला उतरले तर तातेरावमामा मोटारसायकलला टेकून उभेच होते. हे संस्थेचे इथले राखणदार. माझी बॅग त्यांनी पुढे टाकीवर घेतली आणि मी मागे बसले, मांडीवर माझ्या लेकीनं, स्वरानं, बळंच दिलेली सदाफुलीची कुंडी. टेकडीचा रस्ता म्हणजे नुसते दगड. एका वळणावर मी कुंडीसकट घसरता घसरता वाचले तर मामा म्हणाले, घाबरू नका मॅडम, दुर्बिणीचा आरसा बी याच गाडीवर आल्ता. वर गेल्यावर त्यांच्या बायकोनं, केशरमावशींनी, सांगितलं की आरसा ट्रकनं आला. मला हसू फुटलं. फार नाही, पण फुटलं.

जागा छान आहे. टेकडीच्या माथ्यावर पांढरा घुमट, त्याला लागून तीन खोल्या, फाटकापाशी मामा-मावशींचं बिऱ्हाड. उत्तरेला अजिंठ्याची रांग. खाली कापूस फुटलाय, बाया वेचून राह्यल्यात, त्यांच्या गप्पा वाऱ्यानं वर येतात. माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. कुंडी तिथं ठेवली.

कामाचं आईला मी असं समजावलं होतं. वर एक उपग्रह आहे, तो ताऱ्यांकडे टक लावून बसतो. एखाद्या ताऱ्याचा उजेड ठरावीक काळानं जरासा कमी होत असेल तर संशय येतो की समोरून एखादा ग्रह जातोय. त्या उजेडाच्या आलेखात खाच पडते. खाच जितकी खोल तितका ग्रह मोठा. पण उपग्रहाची नजर भरड. दोन तारे अगदी जवळ असले तर त्याला एकच दिसतो. दुसऱ्याचा उजेड पहिल्यात मिसळतो, खाच उथळ होते आणि ग्रह आहे त्याहून लहान वाटतो. म्हणून प्रत्येक संशयित तारा नीट बघायचा: एकटा आहे की सोबत आहे? हवेनं चित्र थरथरतं, तर इथला लवचीक आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकून ती थरथर काढून टाकतो. आणि हे सगळं आपोआप. यंत्र स्वतःच तारा निवडतं, स्वतःच लेसरचा किरण सोडतं, फोटो काढतं, पाऊस आला तर घुमट मिटून घेतं. रात्री कोणी जागायचं नाही. मी सकाळी चहा घेऊन बसायचं आणि फोटो बघून लिहायचं, एकटा की सोबतीचा.

आई म्हणाली, म्हंजे तारे लग्नाचे हायेत का बिनलग्नाचे ते बघायचं म्हण की.

माझा नवरा राजानंद, तो गेल्याला दोन वर्षं होतील. जालन्यात प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तो उभा असतो. इथं तो कधी आलाच नव्हता, म्हणून इथं बरं वाटेल असं मला वाटतं. स्वरा चौथीत आहे, शाळा मध्येच मोडता येत नाही, ती आईकडे राहील. नाताळच्या सुट्टीत इथं येईल. लेसर बघायचाय तिला.

८ नोव्हेंबर

हात बसला. कॉलेजात तासिकांवर शिकवताना फळ्यावर जे काढायचे ते इथं खरंखुरं दिसतं. बहुतेक तारे एकटेच. मध्येच एखाद्याच्या शेजारी बारीक ठिपका, ज्वारीच्या दाण्याला चिकटलेला राजगिऱ्याचा दाणा जसा. पहिला सापडला तेव्हा मी टाळी वाजवली आणि मावशी पदराला हात पुसत धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला.

मावशींचा ठेचा म्हणजे आग. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरच्या, पाट्यावर रगडलेल्या. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहिलं. राजानंद गेल्यावर मी रडले नव्हते. इथं ठेच्यानं रडवलं, एवढं मी आईला फोनवर सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर

आज एक गंमत झाली. सगळ्याच फोटोंत सोबत. एकही तारा एकटा नाही. ठिपका प्रत्येक वेळी त्याच जागी, वर डाव्या हाताला, तेवढ्याच अंतरावर.

अर्थात हे खरं असू शकत नाही. आकाशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले तारे, कोणी जवळचा, कोणी फार लांबचा. त्या सगळ्यांची सोबत एकाच मापाची कशी असेल? काचेवरून उजेड परतून पडलेलं प्रतिबिंब असणार. पुण्याला गिरिधर सरांना फोन केला. ते या प्रकल्पाचे प्रमुख. त्यांनी कॅमेरा फिरवून फोटो घ्यायला सांगितलं. दोष कॅमेऱ्यात असेल तर ठिपकाही कॅमेऱ्याबरोबर फिरेल, ताऱ्याचा असेल तर आकाशाबरोबर राहील. यंत्राला तशी सूचना देऊन ठेवली.

१६ नोव्हेंबर

ठिपका कॅमेऱ्याबरोबर फिरला नाही.

१९ नोव्हेंबर

सरांनी यातले काही तारे दुसरीकडच्या मोठ्या दुर्बिणीतून बघायला लावले. तिथं ते सगळे एकटे आहेत. म्हणजे दोष आपल्याच यंत्रात, सर म्हणाले, कुठून येतोय ते पावसाळ्यात घुमट बंद झाला की खोलून बघू, तोपर्यंत तेवढा भाग झाकून टाका आणि पुढे चला. माझ्याआधी इथं ऋषी नावाचा मुलगा होता. त्यानंही हेच कळवलं होतं, म्हणे. मग कळवणं बंद केलं. मी विचारलं तो का सोडून गेला. सर म्हणाले, उलट छान झालं त्याचं, पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे, खूप आनंदी असतो.

मावशींना विचारलं. भाकरी थापता थापता त्यांनी सांगितलं की पोरगं आल्तं तेव्हा पार सुकलेलं, लग्न मोडल्तं त्याचं. गेलं तेव्हा मात्र हसत गेलं, मामांच्या गळ्यात पडून. मग म्हणाल्या, पण खरं सांगू का ताई, ते गेल्यावर बी लई दिवस त्या मधल्या खोलीत कोन तरी हाय असं वाटायचं. मी मंग झाडायला जाणंच सोडलं.

तातेरावमामा बाहेरून ओरडले, काहून नव्या माणसाला भेव दाखवून राह्यली!

२६ नोव्हेंबर

भाजीत मीठ नव्हतं. मावशींना म्हणाले तर त्यांना लागलं ते. मामांनी चाखून पाहिलं, बराबर हाय म्हणाले. मीही पुन्हा चाखलं. काहीच नाही. ठेचा घेतला, बोटभर. काहीच नाही. नाक नाही, डोळे नाहीत. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या.

दुपारी चहाचा पेला उचलून बराच वेळ हातात धरला होता. ठेवला तेव्हा तळहात लाल दिसला. संध्याकाळी फोड आले. दुखत नाहीत असं नाही. दुखतंय हे कळतं, पण शेजारच्या घरात कोणाचं तरी दुखावं तसं.

स्वराचा फोन आला होता. शाळेत धावण्यात ती पहिली आली. ओरडून ओरडून सांगत होती. मी शाबास म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला काही झालंच नाही. बातमी कानावर आली आणि पडून राहिली.

खाच उथळ होते, असं मीच आईला समजावलं होतं.

२ डिसेंबर

ठिपका जवळ येतोय. मी मोजते. आणि उजळही होतोय. झाकलेला भाग उघडून रोज बघते, सरांना कळवत नाही.

आज सकाळी हौदावर तोंड धुवायला वाकले. ऊन चांगलं वर आलेलं होतं. पाण्यात माझं तोंड होतं, आणि त्याला लागून, वर डाव्या हाताला, आणखी एक. फिकट. माझंच. मी वर पाहिलं, कोणी नव्हतं. पुन्हा पाण्यात पाहिलं. मी हसत नव्हते. ते हसत होतं, अगदी थोडं, फोटो काढताना हसतात तेवढं.

ओरडायला हवं होतं. मी तोंड पुसलं आणि आत आले.

४ डिसेंबर

भोकरदनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डोळे ठणठणीत. हाताचे फोड बघून त्यांनी विचारलं, दुखत नाही का? मी म्हणाले, दुखतं की. असं उत्तर देताना बरं वाटलं. त्यांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या आणि माणसांत मिसळायला सांगितलं.

६ डिसेंबर

मिसळायचं म्हणून आज धावड्याच्या विहारात अभिवादनाला गेले. पांढरी साडी नेसले. गेल्या वर्षी आई, स्वरा आणि मी जालन्यात गेलो होतो, त्याच्या आधी राजानंदही होता. बाया प्रेमानं बोलल्या, जय भीम झाला, चटईवर जागा करून दिली. उषाबाई म्हणून एक शिक्षिका आहेत, त्यांनी चांगली दोघींची जागा केली आणि मला विचारलं, बहीण का तुमची?

कोण, म्हणाले मी.

त्यांनी माझ्या डाव्या बाजूला पाहिलं. मग डोळे चोळले, चष्मा पुसला, म्हणाल्या, या, बसा मॅडम, मेणबत्त्यांच्या धुरानं काही बराबर दिसून न्हाई राह्यलं.

वंदना चालू असताना मला राजानंदचा चेहरा आठवायचा होता. आठवला. नाक, भुवई, कानामागचा तीळ, सगळं नीट आठवलं. पण नुसता आठवला.

१० डिसेंबर

मामांकडून ऋषीचा नंबर घेतला. लगेच उचलला. आवाज असा ताजा की वाटलं नुकताच कोणी विनोद केलाय. मी कोण, कुठून बोलते ते सांगितलं. त्यानं विचारलं, तुमच्यातली कोणती बोलतेय?

मी म्हणाले, मी एकटीच आहे.

मग वेळ आहे अजून, म्हणाला. मजेत सांगत होता, पावसाचं सांगावं तसं. आधी भीती वाटते, मग तीही वाटत नाही. जे जातं ते हलकं होऊन जातं, मॅडम. मी बघा, किती मजेत आहे! त्या मुलीचं नावही आता आठवलं तर हसू येतं.

आणि जे राहतं त्याचं?

तो हसायला लागला. थांबेना. मी फोन ठेवला तेव्हाही हसतच होता.

१३ डिसेंबर

निघाले होते. मामांना सांगितलं तब्येत ठीक नाही, घरी जाते. त्यांनी फाट्यावर सोडलं. एसटी आली, चढले, बसले. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि विचारलं, दोन जालना का?

मी उतरले. गाडी हलत होती तशी उतरले, गुडघा फुटला. कंडक्टर ओरडत राहिला, जल्दी काय हाय बाई, मरता का.

हिला घरी न्यायचं नाही. तिथं स्वरा आहे.

चालत वर आले.  मावशींनी गुडघ्याला हळद लावली आणि म्हणाल्या, ताई, तुम्ही रडा तरी एकदा. मी प्रयत्न करून पाहिला. त्यांना बरं वाटावं म्हणून.

आईला फोन केला, इथं पाण्याची अडचण आहे, नाताळात स्वराला आणू नको. आई म्हणाली, पोरगी दिवस मोजून राह्यली अन तू असं म्हणती. मी म्हणाले, बिलकुल आणू नको.

१८ डिसेंबर

दोघे सारखेच उजळ झाले आहेत. प्रत्येक फोटोत. तारा कुठला आणि सोबत कुठली, बघून सांगता येत नाही.

मावशींनी आज दोन ताटं वाढली. मग एक उचलून नेलं. 

२२ डिसेंबर

यंत्राचा नियम आहे की जो जास्त उजळ त्याला तारा म्हणायचं, दुसऱ्याला सोबत. आज सकाळी यंत्रानं नावं बदलली. सगळ्या फोटोंत. आधी तारा होता त्याला आता सोबत लिहिलंय.

सरांना फोन केला. सर म्हणाले, कोण बोलतंय, आवाज फार बारीक येतोय. मी मोठ्यानं बोलले. ते हॅलो हॅलो करत राहिले.

२४ डिसेंबर

आई आली. स्वराला घेऊन. न सांगता. फाटकातून हाका मारत आली. म्हणे पोरीनं दोन दिवस अन्न न्हाई घेतलं, मंग काय करू.

स्वरा पळत आली. हात पसरून, दप्तर पाठीवर उडत. मी खाली वाकले. ती आली आणि मिठी मारली, माझ्या शेजारी. हवेला नाही. कोणाला तरी. तिचे हात कोणाच्या तरी कमरेमागे जुळले.

आणि म्हणाली, आई, तू हसतेस!

मी तिथंच होते. वाकलेली.

२५ डिसेंबर

ती आता नीट दिसते. माझी निळी साडी नेसते. माझ्या खुर्चीत बसून स्वराला फोटो दाखवले, यंत्र कसं चालतं ते सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं. आई दारात बसून दोघींकडे बघत होती, पदर तोंडाला लावून. मावशींना सांगत होती की माझी लेक परत आली माझी, दोन वर्षांनी खदखदून हसली.

मी आईच्या जवळ जाऊन बसले. तिनं पाय आवरून घेतले, थंडी वाजल्यासारखे.

हेवा वाटायला हवा. राग. मी आत शोधते. खोलीत हात फिरवावा तसं. काही लागत नाही हाताला.

२६ डिसेंबर

दुपारी आई झोपली होती. ती दुसरी बाहेर मामांशी गप्पा मारत होती, तिचं हसणं येत होतं आत. स्वरा माझ्या खोलीत आली. मला वाटलं काही घ्यायला आली असेल. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच.

हाताला हात लावला. म्हणाली, गार आहे.

मग विचारलं, पप्पा गेल्यावर जी आई होती ती तू ना?

मी हो म्हणाले.

ती नखं खात होती, मी नेहमी ओरडते. आज ओरडले नाही. ती म्हणाली, ती हसते.

मी म्हणाले, हो.

ती उद्या आमच्याबरोबर येणार म्हणाली. तू पण येणार?

मला खूप सांगायचं होतं. जाऊ नको तिच्याबरोबर. आजीला उठव. पण हे वाक्य उचलायला जी भीती लागते ती माझ्याकडे नव्हती. आणि हसणारी आई कुठल्या पोरीला नको असते? मी नाही म्हणाले. मी इथं थांबते.

बरं, म्हणाली. जाताना दार हळूच लोटून घेतलं, आजारी माणसाच्या खोलीचं लोटतात तसं.

२७ डिसेंबर

गेल्या. मी फाट्यापर्यंत मागे मागे गेले. मामांनी पिशव्या धरल्या होत्या. तिघी चढल्या. कंडक्टरनं तीन तिकिटं फाडली. खिडकीत स्वरा. ती तिच्याशी बोलत होती. गाडी सुटता सुटता स्वरानं हात खाली धरून, कोणाला दिसू नये असा, माझ्याकडे हलवला.

धूळ बसेपर्यंत उभी होते.

आजचे फोटो साफ आहेत. सगळे तारे एकटे.

२८ डिसेंबर

आईला फोन लावला. आईनं उचलला, पण आधी आत कोणाला तरी सांगितलं की रूपा, तुझ्याच मोबाईलवरून फोन हाय बघ, टेकडीवर राह्यला वाटतं तुझा, कोणी तरी लावून राह्यलं.

आई, मी रूपाली.

कोण बाई तुम्ही? काही ऐकू न्हाई राह्यलं. लई लांबून येऊन राह्यलाय आवाज. रूपाली इथं बसलीय, पोरीला जेवू घालून राह्यली. तिला देऊ का?

मागून माझं हसू ऐकू आलं. छान आहे. लग्नाआधी असंच होतं.

नको, म्हणाले. आईला ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

३० डिसेंबर

मावशी खोली आवरायला आल्या. गादी गुंडाळली. कपाट उघडून बघितलं. मामांना म्हणाल्या, ताईंच्या साड्या बी इथंच राह्यल्या बघा, पाठवून द्या बाई जालन्याला. मी कोपऱ्यात उभी होते. त्यांचा झाडू माझ्या पायाशी येऊन थांबला. मग वळून गेला. त्यांनी वर पाहिलं नाही. पटकन दिवा लावला देवाला, भर दुपारी.

वही उचलता येते अजून. पेन जड लागतं.

२ जानेवारी

भूक नाही. झोप नाही. वाईट नाही.

मधल्या खोलीत बसते. तिथं आधीपासून कोणी आहे, भिंतीकडे तोंड करून. मी काही विचारलं नाही. त्यानंही—

४ जानेवारी

मोबाईल वाजला. चार्जिंग संपत आलेलं. आईचा नंबर.

स्वरा. कुजबुजत. आजी बाहेर गेलीय, न्हाणीत लपून बोलतेय म्हणाली.

म्हणाली, आई, ती सारखी हसते.



म्हणाली, काल मी जिन्यावरून पडले. डोक्याला लागलं. रक्त आलं खूप. मी रडत होते तर ती बघत होती आणि हसत होती. आजी धावली. ती उठलीच नाही. हसतच होती. मी पप्पांचा फोटो तिला दाखवला. तरी—

मी तिला ऐकू येत होते. तिला येतं. मी म्हणाले, किती लागलंय? टाके घातले का?

तीन, म्हणाली.

मग दारावर थाप. आणि माझा आवाज, माझा, गोड, मजेत: स्वरा, कोणाशी बोलतेस गं? दार उघड.

स्वरा म्हणाली, तू ये ना. तू रड—

बंद पडला.

त्याच दिवशी

फाट्यावर. एसटी थांबली नाही. हात केला. पुढून गेली.

दुसरीही नाही.

चालत निघाले. वही पदरात धरलीय. भोकरदन लांब आहे, जालना त्याच्याही पुढे. रस्त्यानं ऊसवाले, मोटारसायकली, कोणी बघत नाही. चालता येतंय. पायात चप्पल नाही हे आत्ता कळलं. खडा रुतला.

रुतला. कळलं मला. तळव्यात, बारीक, खरोखरचं—

तीन टाके. एवढंसं डोकं तिचं. वेणी घालताना मी फणी हळू—

आई गं.

थांबायचं नाही. लिहायलाही थांबायचं नाही. इथं छातीत, डाव्या बाजूला, काहीतरी खूप दुख—